वाचक विचारतात : तिसऱ्यांचं विष आणि जांभळी होणारी प्लेट

मागच्या अंकात या पानावर थोडंसं लिहिलं होतं, की समुद्रातली काही सूक्ष्म शेवाळं विष तयार करतात, तिसऱ्यांसारखे शिंपल्यातले जीव तेच पाणी गाळून खातात म्हणून ते त्यांच्या मांसात साठत जातं, आणि लॅबमध्ये जिवंत पेशी वापरून ते ओळखता येतं. एवढ्याशा मजकुरावर इतके मेसेज आले की संपादक म्हणाले यावेळी पूर्ण पान त्यालाच घ्या. पाच-सहा निवडलेत. दोघांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, म्हणून मग कुणाचंच छापत नाही.

मालवणजवळच्या एक ताई लिहितात : मी बारा वर्षं खाडीत तिसऱ्या काढून बाजारात विकते. गेल्या महिन्यात रात्री पाणी चमकत होतं, तेव्हापासून गिऱ्हाईक टोपलीत बघतं नि पुढे जातं. आमच्या सासूबाई म्हणतात, "चांदीचो रुपयो टाक रश्श्यात, काळो पडलो तर फेकून दी, आणि कोकमा वायच जास्ती घाल, वीष मरता." हे खरं आहे का? आणि तुमची ती पेशींची टेस्ट आमच्या तिसऱ्यांची कुठे होईल?

ताई, सासूबाईंच्या हातच्या तिसऱ्यांबद्दल मला शंका नाही पण रुपया पेटीतच राहू दे. चांदी काळी पडते ती गंधकाने, आणि गंधक लसणात आहे, कांद्यात आहे, खुद्द शिंपल्याच्या मांसात आहे. म्हणजे चांगल्या रश्श्यातही रुपया काळा पडेल, आणि उद्या विषारी रश्श्यात लख्ख राहिला तर तुम्ही निवांत जेवायला बसाल. या विषांचा चांदीशी काही संबंधच नाही.

कोकमाचं तर उलटंच आहे, ऐकून सासूबाई माझ्यावर चिडतील. शिंपल्यातून होणाऱ्या विषबाधेत सगळ्यात वाईट ते सॅक्सिटॉक्सिन. मांसातून ते बाहेर काढायची लॅबमधली जुनी पद्धत काय, तर १०० ग्रॅम मांस वाटायचं, त्यात १०० मिली पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिड घालायचं आणि ५ मिनिटं उकळायचं. आंबट घालून उकळणं, दुसरं काही नाही! विष तिथे मरत नाही, मांसातून निघून पाण्यात उतरतं, आणि मग ते पाणी तपासायचं. तुमच्या टोपात कोकमं घालून तिसऱ्या रटरटतात तेव्हा साधारण तेच चाललेलं असतं, आणि आपण तो रस्सा भातावर घेऊन वर वाटीने पितो. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या तर वाळू सुटते, विष सुटत नाही. काही जातीचे शिंपले ते काही आठवड्यांत आपोआप बाहेर टाकतात पण अलास्काकडचा एक मोठा शिंपला आहे, सॅक्सिडोमस, ज्याच्यावरून या विषाला नाव पडलं, तो दोन-दोन वर्षं धरून बसतो.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे झालेलंच नाही असं नाही. १९८३ मध्ये मंगळूरजवळ तिसऱ्यांसारखेच शिंपले खाऊन लोकांना बाधा झाली होती, आणि १९९७ मध्ये केरळात विळिंजमला शिणाणे (मसल) जातीचे शिंपले खाऊन ७ माणसं गेली, ५०० च्या आसपास लोक हॉस्पिटलात. म्हणजे रोज उठून घाबरायची गरज नाही, पण "आमच्या आज्यापणज्यापासून खातो" हे काही सर्टिफिकेट नाही.

टेस्ट रक्त-लघवीच्या लॅबसारखी बाजारपेठेत होत नाही. तुम्हाला विचारायला जवळचं ठिकाण म्हणजे रत्नागिरीचं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, नाहीतर खाली गोव्यात दोनापावलाला एनआयओ, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. एकटीने जाण्यापेक्षा तिसऱ्या काढणाऱ्या पाचपन्नास बायकांनी मिळून अर्ज केला तर त्याला वजन येतं, हा माझा अनुभव. आणि गिऱ्हाईकालाही सांगून ठेवा, तिसऱ्या खाल्ल्यावर अर्ध्या तासात-दोन तासांत ओठ, जीभ, बोटांची टोकं मुंग्या आल्यासारखी बधिर व्हायला लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, हॉस्पिटल गाठा आणि डॉक्टरने विचारायची वाट न बघता सांगा की तिसऱ्या खाल्ल्यात. यावर उतारा असं औषध नाही, पण श्वास बंद पडायला लागला तर मशीनवर ठेवून माणूस वाचतो, तो पहिला दिवस निभावला की बहुतेक सुटतो. उरलेलं कालवण फेकू नका, डब्यात भरून फ्रीझरला टाका. तेच सॅम्पल.

गुहागरला होमस्टे चालवणारे एक दादा : पाहुणे फक्त निळं पाणी बघायलाच येतात आता. रात्री त्यात उतरतात. विषारी आहे का ते?

आपल्याकडे थंडीत जे चमकतं ते बहुतेक वेळा नॉक्टिल्युका, आणि ते या विष बनवणाऱ्यांतलं नाही. त्याचा त्रास वेगळा, अंगात अमोनिया साठवतं, आणि दाट झालं की पाण्यातला ऑक्सिजन खातं म्हणून मासे पळतात किंवा मरतात. पाय बुडवून फोटो काढू दे, एखाद्याला खाज सुटली तर गोड्या पाण्याने आंघोळ. पण चमकणाऱ्यांत पायरोडिनियमसारखे सॅक्सिटॉक्सिनवाले पण असतात, आणि पाणी अजिबात न चमकता, रंग न बदलता, लिटरमागे हजारभर पेशी असल्या तरी शिंपले विषारी होऊ शकतात. त्यामुळे चमक बघून तिसऱ्यांचा निकाल लावता येत नाही, ना इकडचा ना तिकडचा. त्याच रात्री त्याच खाडीतल्या तिसऱ्या पाहुण्यांना वाढायच्या का, तर मी नाही वाढणार. बांगडा वाढा.

रत्नागिरीचा बी.एस्सी.चा एक विद्यार्थी : सरांनी न्यूरो-२ए सेल ॲसे (तुमची तीच पेशींची टेस्ट) शिकवला पण घाईत. सॅक्सिटॉक्सिन हे विष असून त्याने पेशी वाचतात असं सर म्हणाले, ते चुकून बोलले का? परीक्षेला काय लिहू?

सर चुकले नाहीत बाळा, आणि या सगळ्या पानावरचा मला सर्वांत आवडलेला प्रश्न तुझाच, म्हणून सावकाश सांगतो.

न्यूरो-२ए म्हणजे उंदराच्या मज्जापेशींच्या गाठीतली पेशी. १९६० च्या दशकाच्या शेवटी एका पांढऱ्या उंदराच्या ट्यूमरमधून काढली आणि तेव्हापासून ती वाढतेच आहे, कॅन्सरची पेशी, तिला थांबणं माहीत नाही. विरजणासारखं समज, शेजारणीकडून चमचाभर आणायचं, आपल्याकडे लावायचं, पुढच्या शेजारणीला द्यायचं, तशी ही जगभरच्या लॅबमध्ये फिरली. आपल्याकडे पुण्याला विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस आहे, पेशींची बँकच म्हण ना, तिथून असलं विरजण मिळतं.

आता होडी डोळ्यासमोर आण. पेशी म्हणजे होडी, बाहेर सोडियमचं खारं पाणी. होडीला छोट्या झडपा आहेत, सोडियम चॅनेल, त्या हजारांश सेकंदापुरत्या उघडतात नि मिटतात, तेवढं पाणी आत येणारच. आणि आत एक गडी बसलाय जो सतत पाणी उपसतोय, तो सोडियम-पोटॅशियम पंप. जोपर्यंत गडी उपसतोय तोपर्यंत होडी तरंगते.

टेस्ट करताना आपण मुद्दाम दोन खोड्या करतो. ऊआबाइन नावाचं औषध घालून गड्याचे हात बांधतो (आफ्रिकेत हे झाडापासून काढून बाणाच्या टोकाला लावायचे) आणि व्हेराट्रिडिन घालून झडपा उघड्या अडकवून ठेवतो, हेही एका झाडाचंच विष. उपसणारा बांधलेला, झडपा उघड्या, होडी बुडणार. बहुतेक पेशी मराव्यात इतका डोस.

आता त्यात शिंपल्याचा अर्क टाक. अर्कात सॅक्सिटॉक्सिन असेल तर ते काय करतं, झडपेच्या तोंडात बुचासारखं जाऊन बसतं. माणसाच्या शरीरात हेच बूच बसलं की नसा गप्प, स्नायू गप्प, छाती हलत नाही, माणूस जातो. पण इथे प्लेटमध्ये होडी बुडत असताना कुणी भोकाला बूच मारलं तर? होडी वाचली! म्हणून ज्या खाचेत पेशी जास्त वाचल्या तिथे विष जास्त. उलटा हिशोब आहे, पहिल्यांदा ऐकला तेव्हा मलाही सर चुकले असंच वाटलेलं.

दुसरी बाजू सिग्वाटॉक्सिनची. हे प्रवाळावरच्या शेवाळातून येतं, लहान मासा शेवाळ खातो, त्याला मोठा खातो, असं चढत चढत तांबोशी, गोबरा असल्या माशात साठतं, गेल्या दशकात मंगळूरकडे तांबोशीची डोकी खाऊन लोक आजारी पडले ते हेच. हे बूच मारत नाही, झडप आणखी फाकवून ठेवतं. मग इथे ऊआबाइन-व्हेराट्रिडिनचा डोस हलका ठेवायचा, जेमतेम थोड्या पेशी मरतील एवढाच, होडी अर्धी भरलेली पण तरंगती, आणि मग अर्क घातल्यावर भराभर बुडाली तर समजायचं. सॅक्सिटॉक्सिनची मान्य मर्यादा किलोला ८०० मायक्रोग्रॅम आहे, आणि पॅसिफिकच्या सिग्वाटॉक्सिनसाठी अमेरिकेच्या एफडीएने सांगितलेला आकडा ०.०१ मायक्रोग्रॅम, म्हणजे ८० हजार पट कमी. एवढं बारीक पकडायला ही पेशी कामाची आहे.

मेल्या की जगल्या हे बघायचं कसं, तर एमटीटी. पिवळं पाणी असतं, ९६ खाचांच्या प्लेटमध्ये थेंब थेंब घालायचं. जिवंत पेशी ते पचवून त्याचे जांभळे खडे करतात, मेलेली काहीच करत नाही, पिवळं ते पिवळंच. खडे विरघळवले की शर्टावर जांभूळ सांडावं तसा रंग येतो, मग ती प्लेट रीडरमध्ये ठेवून ५७० नॅनोमीटरला वाचायची. पण खरं सांगू, नजरेलाही दिसतं. पहिली रांग गडद, मग फिकी, मग पिवळी, पायऱ्या उतरल्यासारखी. १९९३ साली मँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमटीटी वापरून ही पद्धत बसवली, त्याआधी जपानी लोक मायक्रोस्कोपखाली पेशी मोजत बसायचे.

आता माझी फजिती ऐक, परीक्षेत नाही पण लॅबमध्ये उपयोगी पडेल. नवीन होतो, तांबोशीचा अर्क मिथेनॉलमध्ये काढलेला, तो पूर्ण सुकवून मग पेशींवर घालायचा असतो, मी संध्याकाळच्या गाडीच्या नादात अर्धवट सुकवला. तिसऱ्या दिवशी प्लेट उघडली तर सगळ्या सॅम्पलच्या खाचा पिवळ्याधमक. पळत मॅडमकडे, मॅडम सापडलं! मॅडमनी प्लेट हातात घेतली, उजवीकडची अर्धी बाजू बघितली, जिथे ऊआबाइन-व्हेराट्रिडिन घातलेलंच नव्हतं, नुसता अर्क आणि पेशी, आणि एवढंच विचारलं, "हे का मेले मग?" सिग्वाटॉक्सिनने मेले असते तर फक्त डावीकडचे मेले असते. दोन्हीकडे मेले म्हणजे पेशी माझ्या मिथेनॉलने मेल्या. तेव्हापासून प्लेट हातात आली की मी आधी उजवी बाजू बघतो.

परीक्षेला होडी लिहू नकोस, चॅनेल आणि पंप लिही. आणि एक ओळ जरूर टाक की ही टेस्ट सोडियम चॅनेलवाल्या विषांचीच आहे. जुलाब करणारं ओकाडाइक ॲसिड वेगळ्या ठिकाणी, फॉस्फटेज एन्झाइमवर जाऊन बसतं, त्याला बहुतेकदा आतड्याच्या किंवा यकृताच्या पेशी वापरतात. आणि १९८७ मध्ये कॅनडात शिणाणे जातीचे शिंपले खाऊन लोकांची स्मरणशक्तीच गेली, ते डोमोइक ॲसिड, ते या होडीच्या खेळात सापडत नाही.

चिपळूणहून एक वाचक : यासाठी उंदीर मारतात असं वाचलं होतं, ते बंद झालं की नाही?

पूर्वी तोच एक मार्ग होता. १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळ १०२ लोकांना बाधा झाली, ६ गेले, त्यानंतर तिथे काम सुरू झालं आणि १९३७ मध्ये सॉमर आणि मेयर यांनी उंदराची टेस्ट बसवली. २० ग्रॅमचा उंदीर, पोटात १ मिली अर्क, आणि घड्याळ घेऊन बसायचं किती मिनिटांत जातो. १५ मिनिटांत मारणारं जितकं विष ते एक माऊस युनिट. मी एकदाच बघितलं, परत बघायला गेलो नाही. क्रूर तर आहेच, पण ढोबळही आहे, मर्यादा ८०० आणि उंदराला जाणवतं ते साधारण ४०० पासून, त्याखालचं कळतच नाही. युरोपने २०११ पासून चरबीत विरघळणाऱ्या विषांसाठी यंत्राची पद्धत, एलसी-एमएस, नियमात आणली आणि २०१४ अखेर त्यातून उंदीर काढले.

पेशींमुळे रोजचे उंदीर वाचतात हे खरंय, पण तुम्ही प्राण्यांच्या कळवळ्याने विचारताय म्हणून लपवत नाही, त्या पेशी ज्या पाण्यात वाढवतात त्यात गाईच्या गर्भातल्या वासराच्या रक्तातलं सीरम घालतात. त्याशिवाय वाढवायचे प्रयत्न चालू असतात पण अजून बहुतेक लॅबमध्ये तेच आहे.

हर्णैचे एक काका : लिलाव संध्याकाळी तासाभरात उरकतो. शुगर बघायची पट्टी असते तशी द्या ना बंदरावर, तीन दिवसांची टेस्ट आम्ही काय करू?

काका, बरोबर पकडलंत. पहिल्या दिवशी पेशी पेरायच्या, रात्रभर चिकटू द्यायच्या, दुसऱ्या दिवशी अर्क, परत रात्रभर, तिसऱ्या दिवशी एमटीटी. तोवर तिसऱ्या कुणाच्या तरी पोटात. आणि पेशी लाडावलेल्या, ३७ अंश तापमान पाहिजे, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड पाहिजे, एक बुरशीचा कण पडला की अख्खी बाटली गेली. एकाच लॅबमध्ये दोन महिन्यांपूर्वीच्या पेशी आणि आजच्या पेशी सारख्या वागत नाहीत, दर वेळी ओळखीच्या विषाची रांग शेजारी लावून ताडून घ्यावं लागतं. बंदरावर हे शक्य नाही, कुणी देतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

पट्टी आहे, पण ती पेशींची नाही, अँटिबॉडीची. ती विषाचा आकार ओळखते, काम नाही ओळखत. सॅक्सिटॉक्सिनला भरपूर चुलतभाऊ आहेत, काहींचा चेहरा पट्टीला नीट ओळखू येत नाही. एलसी-एमएस यंत्र नावानिशी आणि मापानिशी सांगतं पण त्याला जे शोधायला सांगितलंय तेच शोधतं, यादीत नसलेला पाहुणा समोरून गेला तरी ढिम्म. पेशीला नावं कळत नाहीत, पण झडपेला हात लावणारा कुणीही असो, ओळखीचा, अनोळखी, चार मिळून थोडे थोडे, ती एकूण परिणाम सांगते. म्हणून सिग्वाटेराच्या तपासणीत एफडीए आधी पेशींवर चाळते आणि संशय आला तेच सॅम्पल यंत्राला देते. कायद्याला मात्र नाव आणि आकडा लागतो, नुसतं "पेशी मेल्या" म्हणून माल अडवता येत नाही, म्हणून नियमात यंत्र पुढे आणि पेशी मागे.

माझं मत विचाराल तर पेशींची टेस्ट लिलावासाठी नाहीच. ती खाडीवर नजर ठेवायला आहे. दर पंधरा दिवसांनी ठरलेल्या जागेचे तेच शिंपले उचलायचे, आकडा चढायला लागला की तिसऱ्या काढणाऱ्यांना आधीच सांगायचं, थांबा म्हणून. आणि तुमच्या लिलावातल्या बांगडा-सुरमई-पापलेटची तेवढी काळजी नको, सॅक्सिटॉक्सिन त्यांच्या मांसात सहसा साठत नाही, असलं तर आतड्यात, आणि ती आपण काढूनच टाकतो.

शेवटचा, देवगडचा एक वाचक : केंड मासा (पफर फिश) जाळी फाडतो म्हणून सगळे वैतागलेत. जपानमध्ये खातात म्हणे. आपण का नाही खात?

त्याच्यातलं विष टेट्रोडोटॉक्सिन, वरच्या होडीत बूच मारणाऱ्यांपैकीच, शेवाळातून नाही तर बॅक्टेरियातून येतं असं मानतात पण न्यूरो-२ए वर अगदी सॅक्सिटॉक्सिनसारखंच दिसतं, दोघांतला फरक पेशीला सांगता येत नाही. जपानमध्ये तो मासा कापायला लायसन लागतं. तुमच्याकडे कुणाकडे आहे का? नसेल तर समुद्रात परत, आणि मांजरालाही टाकू नका.